एका पैशाचे किती प्रकार?

तुमसर येथील एका धान्य व्यापाऱ्याच्या पश्चात गल्ल्यातील जुनी नाणी नातवाच्या हाती आली. प्रत्येक प्रकाराचे एकच नाणे संग्रही ठेवावे, असे त्याने ठरविले. परंतु 'प्रकार' कशास म्हणावे, हा प्रश्न एका पैशानेच उभा केला.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली व रुपयाचे शंभर 'नये पैसे' झाले. कांस्याचा नया पैसा १९६२मध्ये निकेल-पितळेचाही निघाला. १९६४मध्ये 'नया' शब्द गळला; त्या वर्षाचा पैसा दोन्ही धातूंत आढळतो. १९६५पासून तो ॲल्युमिनियमचा व चौकोनी झाला.

नातवाने नियम केला : धातू, आकार अथवा मजकूर बदलला, तर प्रकार नवा, केवळ वर्ष किंवा टांकसाळीचे चिन्ह बदलले, तर प्रकार तोच. या न्यायाने हैदराबादच्या चांदणीचा एक नया पैसा वगळावा लागला. नेमका तोच आजोबांनी कागदात गुंडाळून जपला होता.

त्याने नियम मोडला नाही. तो पैसा संग्रहात न लावता आजोबांच्या खतावणीत ठेवला. संग्रह आणि स्मृती यांची खाती निरनिराळीच असावीत.