पतंगाला प्रेमवीर करू नका

आपल्या मंडळाच्या काव्यवाचनात पतंग आणि ज्योत हमखास येतात. पतंग वेडा, ज्योत निष्ठुर, तो जळतो आणि टाळ्या पडतात. मला ही उपमा आता खटकते.

पावसाळ्यात चोर्ला, आंबोलीच्या रानात मून मॉथ दिसतो. फिकट पोपटी पंख, मागे दोन लांब शेपट्या. शास्त्रीय नाव ॲक्टिआस सेलेने. सेलेने म्हणजे ग्रीकांची चंद्रदेवी. (मत्तयच्या शुभवर्तमानातली कपडे खाणारी कसर ती वेगळी.) हा बिचारा तर काहीच खात नाही, त्याला कामाचं तोंडच नसतं! सुरवंट असताना पानं खाऊन जे साठवलं, त्यावर जेमतेम आठवडाभर जगायचं. तेवढ्यात नरानं पिसांसारख्या मिशांनी मादीचा गंध हुंगत अंधारातून तिच्यापर्यंत पोचायचं आणि मादीनं अंडी घालायची. वाटेत वटवाघळं असतातच. अमेरिकेतल्या ल्युना या त्याच्या चुलतभावावर प्रयोग झाले, त्यात दिसलं की उडताना फिरणाऱ्या शेपट्या वटवाघळाचा नेम चुकवतात. शेपटी जाते, जीव राहतो.

मग वटवाघळाला चकवणारा हा बल्बपुढे का हरतो? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक संशोधन सांगतं की किडे उजेडाकडे पाठ ठेवून उडतात. रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यामुळे वर कुठे नि खाली कुठे हे त्यांना असं कळतं. जवळ दिवा लागला की ते त्याच्याकडे पाठ करायला बघतात आणि त्याच्याभोवती घिरट्या घालत अडकतात. यात प्रेम कुठं आलं? ही चक्क दिशाभूल आहे, आणि ती आपण केलेली.

आठवड्यातली एक रात्र अशी गेली तर त्याच्याकडे उरतं काय?

घाटातल्या एका रिसॉर्टवर रात्रभर झाडांवर पांढरे फ्लडलाइट सोडलेले असतात. विचारलं तर वॉचमनकाका म्हणाले, ‘‘बिबट्या येतोय की बाई, म्हणून.’’ त्यांची भीती मी खोटी म्हणणार नाही. पण वाटेवर उजेड पडायला झाडाच्या शेंड्यावर दिवा कशाला? खाली तोंड केलेला पिवळा दिवा, माणूस आला की लागणारा, एवढ्यानं भागतं. आपली सहल दरवर्षी घाटात जाते; बुकिंग करतानाच हे मागता येईल. तिथल्या कविता अंधारातच वाचू, मोबाईल आहेतच.