आवाज दाबू नये, त्याची साक्ष घ्यावी : जुन्या बुलेटच्या इंजिनाविषयी

१/ कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या बुलेटमधून अनोळखी आवाज येऊ लागला की दोन सल्ले लगेच मिळतात : इंजिन खोला, नाहीतर जाड तेल ओता. आवाज नेमके काय सांगतो आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. ही घाई यंत्राला मारक आहे आणि इतिहासाचा एक पुरावाही ती कायमचा पुसून टाकते.

२/ प्रथम यंत्राची कुळकथा. रॉयल एन्फील्डची ३५० सीसी बुलेट इंग्लंडमधील रेडिचची. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सशी भागीदारी होऊन ‘एन्फील्ड इंडिया’ उभी राहिली आणि मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूर येथे बुलेट तयार होऊ लागली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला. पण तेथील आराखड्याचे इंजिन भारतात एकविसाव्या शतकापर्यंत बनत राहिले.

३/ एकच सिलिंडर, ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी. झडपा पुशरॉडने उघडणाऱ्या. असे इंजिन निरोगी असतानाही निःशब्द नसते. म्हणून ‘आवाज येतो का’ हा प्रश्न निरर्थक ठरतो. ‘कालपर्यंत नसलेला कोणता आवाज आज येतो’ हा खरा प्रश्न होय.

४/ ऐकून निदान करण्याची परंपरा वैद्यकात जुनी आहे. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रेने लाएनेक याने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली. त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. १८१९ च्या ग्रंथात त्याने छातीतील आवाजांचे वर्गीकरण केले आणि मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनाशी ते ताडून पाहिले. आवाज आधी नोंदवायचा आणि आत काय निघाले ते नंतर पडताळायचे, हा त्याच्या पद्धतीचा गाभा.

५/ गॅरेजमधला मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्रँककेसवर टेकवतो आणि मूठ कानाशी धरतो, तेव्हा तो हेच करत असतो. जर्मनीतील मोटार-कारागिरांचा अभ्यास करणारे इतिहासकार स्टेफान क्रेब्स दाखवतात की आरंभीच्या काळात गाडी चालवणाऱ्यानेच इंजिन ऐकावे अशी अपेक्षा असे. पुढे कारागिरांनी हे श्रवण आपल्या व्यवसायाचा अधिकार म्हणून मांडले.

६/ इतिहासाचा अभ्यासक साक्षीदाराला जे विचारतो, तेच इंजिनाला विचारावे. केव्हा? थंड असताना की तापल्यावर? कुठून? वरून, उजवीकडून की डावीकडून? कोणत्या परिस्थितीत? उभ्या गाडीत की चढावर, भाराखाली? या तीन प्रश्नांनी बहुतेक संशयितांची नावे गळतात.

७/ हलकी, नियमित टकटक उजव्या बाजूच्या टॅपेट कव्हरजवळ येत असेल, तर प्रथम टॅपेट पाहावेत. या इंजिनाची नेहमीची रीत अशी : इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला, दोन्ही झडपा बंद. पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वर-खाली हलू नये. इतक्या तपासणीसाठी इंजिन खोलावे लागत नाही.

८/ टॅपेट व्यवस्थित असूनही टकटक कायम राहिली, तर सायलेन्सरचा पाइप हेडला जिथे मिळतो तो सांधा पाहावा. तेथून निसटणारा वायू हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो. सांध्याभोवती काजळी दिसली तर खरा गुन्हेगार सापडला.

९/ सकाळी थंड इंजिनात बद येणारा आणि इंजिन तापल्यावर विरणारा पोकळ आवाज बहुधा पिस्टनचा असतो. तापल्यावर पिस्टन प्रसरण पावतो आणि सिलिंडरमधील सैलपणा घटतो. तो वाढत नसेल आणि धूरही नसेल, तर लगेच रिबोअरचा आग्रह धरू नये.

१०/ डावीकडच्या चेनकेसमधून फटफट येत असेल, तर प्रायमरी चेनचा ताण तपासावा. क्लच दाबताच आवाज बदलला, तर शोध क्लचकडे वळवावा.

११/ भीती बाळगावी ती खोल, जड ठोक्याची. भार पडताच वाढणारा हा ठोका बिगएंडचा असू शकतो. जुन्या बुलेटमध्ये तेथे रोलर नसून तेलाच्या थरावर फिरणारा बुश असतो. तेलाची हयगय त्याला सहन होत नाही. अशा वेळी गाडी ताबडतोब थांबवावी. ‘घरापर्यंत नेऊ’ हा विचार क्रँकच्या मुळावर येतो.

१२/ चढावर, वरच्या गिअरमध्ये, डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येणे म्हणजे नॉकिंग. इग्निशनचे टायमिंग थोडे मागे घेताच तो थांबला, तर निदान पक्के. या एका आवाजाचा इतिहास मात्र साऱ्या जगाला भोवला.

१३/ अमेरिकेत नॉकिंगचे खापर प्रथम चार्ल्स केटरिंगच्या बॅटरी इग्निशनवर फोडले गेले. दोष इंधनात आहे, हे त्याचा सहकारी थॉमस मिजली याच्या प्रयोगांतून दिसले. डिसेंबर १९२१ मध्ये त्याला उपाय सापडला : पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग, टेट्राएथिल लेड. आवाज थांबला. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे रिफायनरीत कामगार या विषाने दगावले, तरी ते पेट्रोल विकले जात राहिले. भारतातील पंपांवरून ते २००० साली हटले. जगातून, अल्जीरियापाठोपाठ, २०२१ मध्ये.

१४/ या कथेचा बोध गॅरेजपुरताही खरा आहे. आवाज बंद पाडणे आणि दोष दूर करणे ही दोन वेगळी कामे आहेत. जाड तेलाने ठोका काही दिवस दबतो, बुशची झीज थांबत नाही. याच्या उलटही घडते : झडप आपल्या बैठकीत खचत गेली की टॅपेटची टकटक आपोआप नाहीशी होते. मालक खूश असतो आणि नीट न मिटणारी झडप आत जळत असते.

१५/ आक्षेप असा येईल की कान फसवा आहे. धातूतून आवाज वाहतो, उगम एकीकडे आणि ऐकू येतो दुसरीकडे. आक्षेप योग्यच आहे. म्हणूनच एका साक्षीवर निकाल देऊ नये. काढलेल्या तेलात धातूची चमक आहे का? रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा जोड सैल केल्यावर तेल पाझरते का? दुसरा पुरावा मिळाल्यावरच पाना हाती घ्यावा.

१६/ मॅन्युअलमध्ये मापे सापडतात. ‘हा ठोका अजून सहा महिने थांबेल, तो थांबणार नाही’ हे ज्ञान मात्र कोठेही छापलेले नाही. ते वृद्ध मिस्त्रींच्या कानांत आहे. कास्ट आयर्न इंजिने बनणे बंद झाले आहे. त्यांवर शिकणारा नवा कान आता क्वचितच तयार होईल. जुन्या गाड्यांचे क्रोम चमकवण्यावर लाखो रुपये खर्च होतात, या ज्ञानाच्या नोंदीवर काहीच होत नाही. हे अग्रक्रम उलटे आहेत.

१७/ उपाय स्वस्त आहे. इंजिन खोलण्यापूर्वी साध्या फोनवर तीन ध्वनिमुद्रणे करावीत : थंड, तापलेले आणि चढावरचे. सोबत गाडीचे साल, शेवटचे तेल कधी बदलले ते आणि मिस्त्रींचे निदान त्यांच्याच शब्दांत लिहावे. मग इंजिन उघडल्यावर आत प्रत्यक्ष काय निघाले, ते त्याच नोंदीखाली उतरवावे. निदान चुकले असेल तर तेही. (समाप्त)