नावाआधीची दोन अक्षरे

सीमाभागातील एका बँकेने अलीकडेच आमच्या एका वृद्ध पक्षकार बाईंना दोन व्यक्ती ठरविले. ठेवीच्या पावतीवर 'सौ.' हे अक्षर इंग्रजी लिपीत, नावाचाच भाग असल्यासारखे छापले होते. यजमान गेल्यावर काढलेल्या कागदांवर 'श्रीमती' आले. अधिकारी म्हणाले, "आजी, या दोन्ही बाई एकच कशावरून?"

दोष त्या अधिकाऱ्याचा थोडा, आपल्या सवयीचा अधिक. स्त्रीच्या नावाआधी तिच्या कुंकवाचा हिशेब दिलाच पाहिजे, असे आपण धरून चाललो आहोत, आणि वर इंग्रजी शिष्टाचाराचा दाखला देतो. तो दाखलाच तपासू.

'मिसेस' आणि 'मिस' ही दोन्ही 'मिस्ट्रेस' या एकाच शब्दाची आखूड रूपे. मिस्ट्रेस म्हणजे घरधनीण, मालकीण. अठराव्या शतकातील इंग्लंडात दुकान चालविणारी अविवाहित प्रौढाही 'मिसेस' म्हणविली जाई. मोठ्या घरांतील स्वयंपाकिणीला व कारभारणीला तर पुढेही लग्नाची चौकशी न करता हाच मान मिळे. लग्नाचा शिक्का त्यावर मागाहून बसला, आणि असा बसला की बाईचे स्वतःचे नावही गळाले: 'मिसेस जॉन स्मिथ'. वैधव्य आले तरी हेच. घटस्फोट झाला तर मात्र जॉन जाऊन मेरी परत येई. म्हणजे टपालवाल्यालाही लिफाफ्यावरून संसाराची हकिकत कळावी! पुरुषाला एकटा 'मिस्टर' जन्मभर पुरला.

ही अडचण इंग्रजी बोलणाऱ्यांनाच प्रथम जाणवली. १९०१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या एका वृत्तपत्राने 'मिझ' सुचविले. कारण व्यवहारी होते: अनोळखी स्त्रीचा उल्लेख करताना चूक होऊ नये. सूचना साठ वर्षे जवळजवळ पडून राहिली. पुढे शीला मायकल्स यांनी ती उचलून धरली आणि १९७२ मध्ये त्याच नावाचे नियतकालिक नियमित निघू लागले. 'न्यू यॉर्क टाइम्स' मात्र अडून बसला. १९८४ मध्ये उपाध्यक्षपदाच्या उमेदवार जेराल्डिन फेरारो विवाहित असूनही माहेरचे आडनाव लावीत. हे वृत्तपत्र त्यांना 'मिसेस फेरारो' लिही. वास्तविक त्या आडनावाच्या 'मिसेस' म्हणजे त्यांच्या मातोश्री. अखेर जून १९८६ मध्ये त्याने 'मिझ' स्वीकारले.

आमचे म्हणणे असे की, इंग्रजी अर्जात 'मिझ' लिहावे किंवा नुसते नाव लिहावे. 'सौ.' आणि 'कु.' यांना इंग्रजी लिपीत नेऊन नावाला चिकटवू नये. मराठीत सर्व प्रौढ स्त्रियांना 'श्रीमती' पुरेसे आहे. 'श्रीमती म्हणजे विधवा' हा आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकतो. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना त्याची गंमत वाटेल, कारण तेथील हिंदीत तोच शब्द सर्रास विवाहितेला लावतात. मूळ शब्दात ना लग्न आहे, ना वैधव्य. हळदीकुंकवाच्या निमंत्रणावर 'सौ.' खुशाल असो. परंतु खातेवहीत ते शिरले की एक दिवस ते पुसण्याची पाळी त्याच बाईवर, आणि तीही दुःखाच्या दिवसांत, येते.

'देसाई मॅडम' ही हाक चुकीची म्हणून हसणाऱ्यांचे मात्र आम्हांला पटत नाही. इंग्रज आडनावापुढे 'मॅडम' जोडीत नाही, हे खरे. पण ही हाक आता आपली आहे, आणि तिच्यात आदर आहे, चौकशी नाही.

त्या बाईंसाठी आम्ही प्रतिज्ञापत्र केले. टंकलेखकाने सवयीने नावाआधी जागा सोडून विचारले, "साहेब, इथे काय घालू?" काही घालू नका, असे सांगितले. बाईंनी वाचून पाहिले, आणि "एवढेच माझे नाव?" असे विचारून सही केली.