पिंपातली वर्षे आणि निफाडचा पारा

फेब्रुवारी २०२५मध्ये केंद्र सरकारने बर्बन या अमेरिकन व्हिस्कीवरचे आयातशुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले, तेव्हापासून जुन्या बर्बनची चर्चा आपल्याकडे वाढली आहे. चर्चेचा सगळा भर मात्र बाटलीवरच्या वर्षांच्या आकड्यावर असतो. माझ्या मते तो आकडा मुरलेपणाचा पुरावा नाही. पिंपात किती काळ गेला एवढेच तो सांगतो. मुरणे लाकूड आणि हवा ठरवतात. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातल्या विंचूरने हे आत्ताच समजून घ्यावे. २००१च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणातून इथे वाइन पार्क झाला. शेजारच्या लासलगावच्या बाजारात मका येतो, आणि बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका असलाच पाहिजे. उद्या इथे कुणी मक्याची व्हिस्की किंवा द्राक्षाची ब्रँडी पिंपात भरली, तर लोक आधी तिचे वय विचारतील.

बर्बनला आतून जाळलेले नवेकोरे ओकचे पिंप लागते आणि त्यात बाहेरचा रंग घालता येत नाही. अमेरिकेतल्या केंटकीच्या उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, हिवाळ्यात आकसून बाहेर येते, आणि या ये-जा करण्यात व्हॅनिला, जळकी साखर, नारळ असे वास सोबत आणते. पण लाकूड द्यायचे थांबत नाही. पुढे तुरटपणा उतरू लागतो आणि धान्य हरवते. स्कॉटलंडमध्ये हवा थंड आणि पिंपे बहुधा वापरलेली, त्यातली कित्येक बर्बनचीच. म्हणून तिथे बारा वर्षे हा संयम असतो. केंटकीत मात्र गोदामाच्या तापलेल्या वरच्या मजल्यावर, नव्या पिंपात, तीच बारा वर्षे जास्त होऊ शकतात. बंगळूरच्या उष्णतेत तर पिंपातला दहा टक्क्यांहून अधिक भाग वर्षाला उडून जातो. तिथल्या अमृत फ्यूजन या व्हिस्कीवर वयाचा आकडा नाही, तरी व्हिस्की समीक्षक जिम मरे यांनी २०१०च्या आपल्या मार्गदर्शिकेत तिला जगात तिसरी ठरवले. निफाड तालुक्याचा हिवाळी पारा राज्यात नीचांकासाठी ओळखला जातो आणि एप्रिल-मेमध्ये तोच चाळिशीला भिडतो. इतका चढउतार असलेल्या हवेत केंटकीचे कॅलेंडर जसेच्या तसे लावणे चूक ठरेल.

मग जुनी व्हिस्की चांगली हे ओळखायचे कसे? निमुळत्या तोंडाच्या ग्लासात थोडी घ्यावी, तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यावा, मग पाण्याचे चार थेंब टाकून पुन्हा घ्यावा. मद्यार्काचा झोत ओसरला की खालचे वास वर येतात. मक्याचा गोडवा, राय हे धान्य असेल तर त्याचा मसालेदार चटका, आणि त्यांच्यासोबत लाकूड, अशी साथ हवी. घोट गिळल्यावर जिभेवर उकळून उकळून कडू झालेल्या चहासारखे नुसते लाकूड उरले, तर वीस वर्षांचा मान राखायचे कारण नाही.

वयाचा आकडा सोडला तर उत्पादक कच्ची दारूच मुरलेली म्हणून खपवतील, हा आक्षेप खरा आहे आणि तो मी हलका मानत नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रंग आणि भेसळ घालून हेच चालले होते. त्यावर १८९७चा 'बॉटल्ड इन बाँड' कायदा आला : एकच डिस्टिलरी, एकच हंगाम, किमान चार वर्षे, ५० टक्के मद्यार्क. आजही चार वर्षांखालच्या बर्बनला वय छापावेच लागते. म्हणजे वय ही फसवणुकीविरुद्धची हमी आहे, गुणवत्तेचे माप नव्हे, आणि हमी म्हणून मला ती हवीच आहे. दारूने घरे मोडतात त्या भागात चवीची चर्चा कशाला, असेही विचारले जाईल. घरे मोडणे खरे आहे. पण पितात त्यांनी आपण काय पितो हे जाणून थोडे घ्यावे, एवढाच या लिखाणाचा आग्रह आहे. त्यासाठी विंचूरच्या उत्पादकाने 'दहा वर्षांच्या तोडीची' असली भाषा टाळून पिंप भरल्याचा आणि बाटली भरल्याचा महिना, पिंप नवे की वापरलेले, आणि धान्य कोणते, हे सगळे लेबलवर स्पष्ट छापावे.