‘सेवा’ हा शब्द जरा बाजूला ठेवून

बारावीचा निकाल लागला की आमच्या लोंढ्यात दोन प्रश्न ठरलेले असतात. मुलगा असेल तर, “रेल्वेचा फॉर्म भरला काय?” आणि मुलगी असेल तर, “नर्सिंगला घालणार काय?” यातलं ‘घालणार’ हे क्रियापद मला फार मजेशीर वाटतं. ‘जाणार काय’ असं कुणी विचारत नाही. लोणचं बरणीत घालतात, तशी मुलगी नर्सिंगला घालतात.

मी लोंढ्याची. आपल्याच कॉलेजातून बारावी सायन्स करून बेळगावला बीएस्सी नर्सिंगला गेले, आता तिसऱ्या वर्षाला आहे. दरवर्षी मे-जूनमध्ये तुमच्यापैकी दोघी-तिघींचे फोन येतात. एखाद्या मुलाचाही येतो, आणि तो हमखास हळू आवाजात बोलतो. (वॉर्डात ‘ब्रदर’ लोकांना किती मागणी असते ते एकदा येऊन बघा, मग मोठ्यानं बोलाल.) नर्सिंगला का जायचं, असं विचारलं की दोनच उत्तरं येतात. एक, “नोकरी लगेच लागते.” दुसरं, “सेवा करायला मिळते.” दोन्ही खोटी नाहीत. पण या दोन उत्तरांच्या भरवशावर जी आत येते, तिला पहिल्या सहा महिन्यांत रडू कोसळतं, हे मी हॉस्टेलच्या गॅलरीत पाहिलेलं आहे.

कोर्सचं आधी उरकून टाकते. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी चार वर्षांचा. बीएस्सीला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं. जीएनएमला आर्ट्स-कॉमर्सवालेही जाऊ शकतात आणि पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून बीएस्सी होता येतं. तेव्हा बायॉलॉजी नव्हतं म्हणून दार बंद झालं, असं समजू नका.

आता आत गेल्यावर काय होतं ते. बीएस्सीचा 2021 पासूनचा अभ्यासक्रम सेमिस्टरचा आहे. पहिल्याच सेमिस्टरला अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशन हे सगळं एकदम अंगावर येतं. पास व्हायला 50 टक्के लागतात, थिअरीत वेगळे आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगळे. फक्त इंग्रजीला 40. पस्तीसच्या हिशेबानं दहावी-बारावी काढलेल्यांना हा पहिला धक्का. दुसरा धक्का हजेरीचा. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी चालते, पण पदवी हातात पडायच्या आधी प्रॅक्टिकलची हजेरी शंभर टक्के भरावी लागते. गणपतीला घरी गेलात, मावसबहिणीच्या लग्नाला गेलात, तर ते दिवस नंतर वॉर्डात उभं राहून फेडायचे. माणसाच्या अंगाला हात लावायचं शिक्षण दुसऱ्याच्या नोट्स उतरवून होत नाही, त्यामुळे हा नियम मला कडक असला तरी बरोबर वाटतो.

आणि पहिलं प्रॅक्टिकल म्हणजे इंजेक्शन नव्हे. पहिलं प्रॅक्टिकल म्हणजे अंथरूण घालणं. चादरीला एक सुरकुती राहिली तरी मॅडम ती ओढून काढतात आणि पुन्हा घालायला लावतात. आमच्या बॅचमधली एकजण म्हणाली होती, “हे तर माझी आजी पण शिकवली असती, त्याला फी कशाला?” तिचं उत्तर तिला दोन महिन्यांनी वॉर्डात मिळालं. जो पेशंट स्वतःहून कूस बदलू शकत नाही, त्याच्या पाठीखालची ती सुरकुती, तो ओलसरपणा, त्याच जागेवर तासन्‌तास पडणारा भार, यातूनच बेडसोअर होतो. म्हणून दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायचं, पाठ बघायची, पुसायची, लिहून ठेवायचं.

या एका कामाची किंमत कळायला अरुणा शानबाग यांची गोष्ट आठवावी. त्या आपल्या शेजारच्याच उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरच्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात नर्स होत्या. 27 नोव्हेंबर 1973 ला तिथल्याच एका सफाई कामगारानं त्यांच्यावर अत्याचार केला, आणि 18 मे 2015 ला त्या गेल्या. मधली जवळजवळ 42 वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. त्यांच्या दयामरणाचा खटला 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना एकदाही बेडसोअर झालेला नाही, याची न्यायालयानं खास नोंद घेतली. मला त्या गोष्टीत दोन्ही दिसतं. एका बाजूला दोन-दोन तासांनी कूस बदलणारे ते हात, पिढ्यान्‌पिढ्या, निवृत्त होणारीनं नव्या आलेलीला सोपवलेले. दुसऱ्या बाजूला, कामाच्या जागी नर्स सुरक्षित नव्हती, ही साधी गोष्ट. पहिली बाजू आपण भाषणात सांगतो आणि दुसरी गिळतो. नाइट ड्यूटी लागेल तेव्हा चेंजिंग रूमला कडी आहे काय, हॉस्टेलपर्यंत सोडायला कोण येतं, हे विचारायला लाजू नका.

इथेच मला ‘सेवा’ या शब्दाशी थोडं भांडायचं आहे. आपलं कॉलेज मिशनचं, आपण सगळे ‘सेवा’ ऐकतच वाढलो, आणि त्या शब्दाचं मोल मला कळतं. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये हॉस्पिटल सुरू केलं, त्याची फळं आपल्या भागातल्या कितीतरी घरांनी खाल्ली. पुण्यात 1909 मध्ये रमाबाई रानडे यांनी सेवासदन उभं केलं आणि तिथल्या बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा चांगल्या घरच्या बायकांनी परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावायचा म्हणून लोकांनी नाकं मुरडली होती. त्या काळात ‘सेवा’ हा शब्द ढालीसारखा होता. त्या शब्दाच्या आड राहून बायका घराबाहेर पडल्या, शिकल्या, कमावत्या झाल्या.

आज मात्र तोच शब्द पगाराचा आकडा सांगायच्या वेळी पुढे येतो. माझी एक सीनियर पास झाली आणि एका छोट्या खासगी नर्सिंग होममध्ये मुलाखतीला गेली. पगार विचारल्यावर समोरून उत्तर आलं, “सिस्टर, हे सेवेचं क्षेत्र आहे.” त्याच इमारतीतल्या एमआरआयचा दर लावताना सेवा कुठे गेली होती कुणास ठाऊक. नर्सेसच्या संघटनेनं केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये केंद्राला समिती नेमायला लावली. त्या समितीनं सांगितलं की 200 पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात पगार सरकारी नर्सइतका असावा, आणि 50 पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना 20,000 रुपयांच्या खाली नसावा. ही शिफारस आहे. ती अमलात आणणं राज्यांवर सोडलेलं आहे, आणि पुढे काय झालं ते कुठल्याही खासगी दवाखान्यातल्या सिस्टरला चहा पिता पिता विचारा. पण निदान हा आकडा तरी तुम्हाला माहीत असू द्या. मुलाखतीच्या खुर्चीत बसताना तो फार कामाला येतो.

म्हणून अॅडमिशन घेतानाच चौकशी करायची सवय लावा. राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे काय, विद्यापीठाशी संलग्न आहे काय. पोस्टिंग कुठल्या हॉस्पिटलला असतं, तिथे खाटा किती, आणि त्यात खरोखर पेशंट असतात काय. रिकाम्या वॉर्डात शिकलेली नर्स आणि पुस्तक वाचून पोहायला शिकलेला माणूस, दोघं सारखेच. मूळ मार्क्सकार्ड ठेवून घेतो म्हणाले तर सांगा की मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, असं यूजीसीनं 2018 मध्येच काढलेलं आहे. फीबरोबर युनिफॉर्म, हॉस्टेल, पोस्टिंगला जायची बस हे सगळं धरून वर्षाचा आकडा कागदावर मागा. आमच्या घरी बाबा हे विचारताना मी मान खाली घालून बसले होते. आता वाटतं, बाबांनी अजून दोन प्रश्न विचारले असते तरी चाललं असतं.

आपण सीमाभागातले, म्हणून एक जास्तीची गोष्ट. पास झाल्यावर राज्याच्या कौन्सिलमध्ये नोंदणी होते, त्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. कर्नाटकात शिकून गोव्याला किंवा कोल्हापूरला नोकरी धरायची तर तिथल्या कौन्सिलकडे पुन्हा नोंदणी करावी लागते. लोंढ्याहून मडगावला जाणारी गाडी आपल्या दारात उभी राहते म्हणून कागदपत्रंही तितक्याच सहज जातात, असं नाही. वेळ धरून ठेवा.

आता भाषेचं. हा विषय मला सगळ्यात जवळचा, आणि मंडळाच्या अंकात लिहायला मी तयार झाले ती याचसाठी. वर्गात पुस्तक इंग्रजी, वॉर्डात पेशंट कन्नड, त्याच्या शेजारच्या खाटेवर मराठी, पलीकडे उर्दू, आणि रामनगरकडून आलेल्या आजी कोंकणी. पहिल्या पोस्टिंगला मराठी माध्यमाच्या आम्ही चौघी एका कोपऱ्यात होतो. कन्नड येणाऱ्या मैत्रिणी खाटेजवळ जाऊन “ऊटा आतेन्री?” म्हणायच्या आणि पेशंट हसायचा. जेवण झालं काय, एवढंच. पण त्या एका वाक्यानं बीपीचा पट्टा बांधून घ्यायला हात पुढे यायचा. कन्नडवरून आपल्याकडे काय काय राजकारण होतं ते मला माहीत आहे, तुम्हालाही आहे. पण रात्री अडीच वाजता घाबरलेल्या म्हाताऱ्याला “एल्ली नोवु ऐत्री?” विचारता येणं हा राजकारणाचा विषय नाही. कन्नड शिका. चांगली शिका. त्यानं मराठी कमी होत नाही.

उलट मराठी किती मोठी आहे ते मला वॉर्डातच कळलं. केस शीटवर इंग्रजीत लिहिलेलं असतं ‘पेन’. आणि खाटेवरची मावशी सांगत असते, “ठणकतंय गं.” दुसरी म्हणते कळ येऊन जाते, तिसरीला चमक भरते, कुणाच्या पोटात मुरडा, कुणाला नुसतं कसनुसं. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ठणका म्हटलं की आत पू धरलाय काय, असा संशय यावा. थांबून थांबून येणारी कळ वेगळी, जळजळ वेगळी, आणि सलतं म्हणाली तर टाके बघावेत. आमच्या मॅडम शिकवतात की पेशंटनं वापरलेला शब्द जसाच्या तसा लिहा, मग त्याचं इंग्रजी करा. इथे मराठी वाचणारी मुलगी पुढे जाते. ज्यांना ‘ठुसठुस’ आणि ‘चुरचुर’ यातला फरक लहानपणापासून कानावर आहे, त्यांनी इंग्रजी कच्चं आहे म्हणून नर्सिंगच्या वाटेला जायचं नाही, हे मला पटत नाही. इंग्रजी सहा महिन्यांत ठीक होतं. पेशंट काय म्हणतोय ते ऐकायचा कान इतक्या लवकर तयार होत नाही.

म्हणून मंडळाला माझी एक मागणी आहे. दरवर्षी आपण मराठी भाषा दिनाला घोषवाक्यांची स्पर्धा घेतो. यंदा त्याऐवजी एक यादी करूया: दुखण्याचे शब्द. खानापूर, लोंढा, निपाणी, बेळगाव, जिथून जिथून आपण येतो तिथल्या आज्यांना विचारून. एका बाजूला मराठी शब्द, समोर त्याचं साध्या भाषेत वर्णन, त्यापुढे कन्नड आणि कोंकणी. ए-फोरची चार पानं झाली तरी पुरे, नर्सिंगच्या मुलींना अॅप्रनच्या खिशात मावतील. माझ्याकडे वॉर्डात ऐकलेले साठेक शब्द वहीत आहेत, ते मी दिवाळीच्या सुट्टीत टाइप करून पाठवते. कन्नडची बाजू भरायला मात्र मला कुणीतरी पाहिजे. कोंकणीसाठी रेल्वे कॉलनीतल्या एका आजींना विचारून ठेवलंय, त्या तयार आहेत.