डॉक्टर शिकले कुठं?

कोल्हापूरचा माणूस आजारी पडला की आधी डॉक्टरकडे जात नाही, आधी कट्ट्यावर जातो. गुडघा दुखत असो, छातीत कळ येत असो, की सुनेचे दिवस भरत आलेले असोत, कट्ट्यावर त्या त्या दुखण्याचा जाणता हजर असतोच. "त्यो व्हय? त्यो मिरजेला शिकलाय. हात लई हलका बगा." दुसरा म्हणतो, "छ्या! पुण्याचा बी. जे. चा पोरगा आलाय नवा, त्येला दावा." मग मुंबईचा कैवारी उभा राहतो. तासाभराने रोगी तसाच घरी जातो आणि रात्री थोरल्या दवाखान्यात भरती होतो. कागदोपत्री त्या दवाखान्याचे नाव छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. आमची तरणी पोरे त्याला सीपीआर म्हणतात. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र अजून थोरला दवाखानाच.

डॉक्टर शिकले कुठे, हा आमचा पहिला प्रश्न. त्यांच्या हातचे रोगी बरे किती झाले, हा प्रश्न कुणी विचारीत नाही. विचारला तरी उत्तर मिळणार कुठे म्हणा! आपल्याकडे एकेका इस्पितळाचा असा हिशेब सामान्य माणसाच्या हाती पडत नाही. साड्यांच्या दुकानात रंग जाईल की राहील याची खात्री मागणारे आपण, इथे नुसती पाटी वाचून जीव हवाली करतो.

याच थोरल्या दवाखान्याशी एक नाव जोडलेले आहे, ते घराघरात ठाऊक आहे. डॉ. आनंदीबाई जोशी. गोपाळराव पोस्टात होते आणि त्यांची बदली काही काळ कोल्हापुरात झाली होती. बायकोला शिकवायचे हा त्यांचा ध्यास. कोल्हापुरात अनेक वर्षे राहून अमेरिकेला परतलेल्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला त्यांनी पत्र घातले, ते त्याने आपल्या मासिकात छापले, आणि न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येईतो बसल्या बसल्या ते वाचले. पुढची हकीकत श्री. ज. जोशींच्या १९६८ च्या कादंबरीने सर्वांना पाठ करून दिली आहे. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले, वेळेवर औषधपाणी मिळाले नाही, आणि त्या पोरवयाच्या आईने डॉक्टर व्हायचे मनावर घेतले. १८८३ साली ती बोटीत बसली आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. होऊन बाहेर पडली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.

कोल्हापूर संस्थानाने तिला अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या विभागाची प्रमुख नेमले. हे अल्बर्ट एडवर्ड म्हणजेच आजचे सीपीआर. शाहू महाराज तेव्हा अवघे बारा वर्षांचे. आनंदीबाईंनी त्या खुर्चीवर एक दिवसही बसून पाहिले नाही. क्षयाने पोखरलेल्या अंगाने त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्याला गेल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. पुढे महाराजांनी कृष्णाबाई केळवकरांच्या वैद्यकीय शिक्षणाला हात दिला आणि त्या याच हॉस्पिटलात डॉक्टर झाल्या. तेव्हा कुठे कोल्हापूरच्या बायाबापड्यांना आपल्या भाषेत दुखणे सांगायला आपल्यातली बाई मिळाली.

आता कल्पना करा. १८८७ साली आनंदीबाई प्रकृतीने धडधाकट असत्या आणि दवाखान्यात रुजू झाल्या असत्या, तर आमचा कट्टा काय म्हणाला असता? एक तर बाई. त्यात वय एकवीस. आणि शिकलेली कुठे, तर सातासमुद्रापार, अमेरिकेत! तिन्ही गोष्टी वाईट. मला तर त्या कट्ट्यावरची मान हलताना दिसते.

मौज अशी की, या तिन्ही गोष्टींचा हिशेब अलीकडे खरोखरच मांडला गेला आहे, आणि तोही अमेरिकेतच. २०१० साली नॉर्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातले, म्हणजे आनंदीबाईंच्याच राज्यातले, हृदयविकाराचे सुमारे २ लाख ४४ हजार इस्पितळप्रवेश तपासले. रोग्यावर उपचार करणारा डॉक्टर शिकला कुठे आणि रोगी जगला की गेला, एवढेच पाहायचे. डॉक्टरांचे तीन गट पडले. पहिला, अमेरिकेत शिकलेले. दुसरा, परदेशात जन्मून तिकडेच शिकून अमेरिकेत आलेले, ज्यांत आपल्याकडचे पुष्कळ. तिसरा, मूळचे अमेरिकनच, पण परदेशात जाऊन पदवी घेऊन परतलेले. सर्वांत कमी मृत्यू निघाले दुसऱ्या गटाच्या रोग्यांत. पहिल्या गटाहून कमी आणि तिसऱ्याहूनही कमी.

२०१७ साली युसुके त्सुगावा आणि मंडळींनी सबंध अमेरिकेतल्या पासष्टीपुढच्या रोग्यांची अशीच झडती घेतली. इस्पितळात आल्यापासून तीस दिवसांत मेलेल्यांचे प्रमाण, तिथे शिकलेल्या डॉक्टरांकडे शेकडा ११.६, बाहेर शिकून आलेल्यांकडे ११.२. त्याच सुमारास त्यांनी बाया आणि पुरुष डॉक्टरांची तुलना केली. पुरुषांकडे ११.४९, बायांकडे ११.०७. फरक चिमूटभर आहे, पण लाखांच्या गर्दीत चिमटीचीही मूठ होते. २०१८ साली त्यांनी आणखी एक खोडी काढली. नामांकित कॉलेजातून आलेला डॉक्टर आणि साध्या कॉलेजातून आलेला डॉक्टर, यांच्या रोग्यांच्या मृत्यूत काय फरक? जवळजवळ काहीच नाही.

हे सारे मी शेजारच्या वहिनींना मोठ्या उत्साहाने सांगत होतो. त्यांची मुलगी दूरदेशी जाऊन डॉक्टरीची पदवी घेऊन आलेली. इथे सरकारी जागा चार गुणांनी हुकली, खाजगी कॉलेजची फी ऐकून यजमानांना घाम फुटला, शेवटी शेतीचा एक तुकडा काढून पोरीला परदेशी धाडले. वहिनींचा चेहरा क्षणभर उजळला. "म्हणजे भावजी, भाईर शिकलेलीच डाक्टर चांगली म्हणा की!"

आता आली का पंचाईत! कारण वहिनींची मुलगी त्या हिशेबात दुसऱ्या गटात बसतच नाही. घरी जागा मिळाली नाही म्हणून बाहेर जाऊन परत आलेली, म्हणजे ती तिसऱ्या गटाची. दुसऱ्या गटाचे डॉक्टर सरस ठरले त्यामागे चाळण फार बारीक होती. अमेरिकेत पाऊल ठेवण्याआधी अवघड परीक्षा, मग कितीही शिकून आलेले असा, तिथल्या इस्पितळात पुन्हा काही वर्षे उमेदवारी. जे या चाळणीतून खाली उतरतात ते बहुधा आपापल्या देशातले निवडक असतात. तेव्हा परदेशाच्या पाण्यात काही जादू आहे असे कुणी समजू नये. मी वहिनींना हे सगळे सांगितले. खोटा धीर देऊन काय करायचे? त्यांनी चहाचा कप जरा जोरातच खाली ठेवला.

मुलगी मात्र आईपेक्षा शहाणी. "आई, काका बरोबरच सांगताहेत," ती म्हणाली. "आमच्या वर्गातल्या काहींनी तिकडं सहा वर्षांत पेशंटला हात लावला नव्हता. भाषाच कळायची नाही." आपल्याकडेही २००२ पासून बाहेरून शिकून येणाऱ्यांना चाळणी परीक्षा आहे, आणि तिच्यात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण बहुतेक वेळा निम्म्याच्याही बरेच खाली राहात आले आहे. ही पोरगी दुसऱ्या खेपेस पास झाली आणि सध्या एका इस्पितळात उमेदवारीची रात्रपाळी करते आहे. परवा भेटली तेव्हा डोळे तांबारलेले, पण सांगत होती की एका रात्रीत सहा बाळंतपणे पाहिली. सहा! पदवीच्या सर्व वर्षांत मिळून पाहिली नव्हती तितकी.

केस पिकलेला डॉक्टर बरा, हेही आमच्या कट्ट्याचे एक लाडके मत. त्याचाही हिशेब त्सुगावांनी मांडला आहे. चाळिशीच्या आतल्या डॉक्टरांच्या रोग्यांत मृत्यू शेकडा १०.८, साठीपुढच्यांकडे १२.१. ज्येष्ठ डॉक्टरमंडळींनी लगेच माझ्यावर रागावू नये. त्यातच पुढे म्हटले आहे की, ज्या डॉक्टरांच्या हाताखालून रोग्यांची वर्दळ मोठी असते त्यांच्यात वयाचा हा फरक उरत नाही. अमेरिकेतली इस्पितळे वेगळी, आपली वेगळी, हे मान्य. तरीही डॉक्टरांना विचारायला एक साधा प्रश्न यातून हाती लागतो. "डॉक्टरसाहेब, हे ऑपरेशन आपण वर्षाला साधारण किती करता?" विचारताना नम्रपणे विचारावे. बहुतेक डॉक्टर रागावत नाहीत, आणि जो रागावेल त्याच्याविषयी तेवढी माहिती आपल्याला फुकट मिळाली असे समजावे.

पण शिक्षणाने रोगी दगावतो, असेही एकदा घडलेले आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टरीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. विद्यार्थ्यांच्या विभागात दहांतली एक बाळंतीण तापाने जाई, सुइणींच्या विभागात शंभरांत चारांहूनही कमी. गावातल्या बायकांना हे पक्के ठाऊक होते. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या पाया पडत. झेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरला या आकड्यांनी झोप येऊ दिली नाही. १८४७ साली त्याचा एक स्नेही प्रेत तपासताना सुरी लागून मरण पावला, आणि त्याच्या शरीरात बाळंतिणींसारखीच लक्षणे सापडली. मग उलगडा झाला. विद्यार्थी सकाळी प्रेते चिरीत आणि तेच हात घेऊन बाळंतिणीकडे येत. सुइणींना प्रेत चिरायचा अभ्यासक्रम नव्हता! झेमेलवाइसने क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरांत अठरा बाया गेल्या होत्या, जूनमध्ये दोन. इतके होऊनही मोठमोठ्या प्राध्यापकांनी त्याला वेड्यात काढले, आणि १८६५ साली तो खरोखरच वेड्यांच्या इस्पितळात मेला. आनंदीबाईंचा जन्म त्याच सालचा.

आपल्या महाराष्ट्रात याच्या तोलाचे काम झाले आहे, पण आपण दिवाळी अंकात त्याबद्दल फारसे वाचत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे जोडपे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सला शिकून आले आणि १९८६ च्या सुमारास गडचिरोलीला जाऊन राहिले. तिथे न्यूमोनियाने मुले मरत होती. न्यूमोनिया ओळखायचा तर मुलाचे श्वास मोजले पाहिजेत, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठांवर गेले की धोका. आता निरक्षर सुईण साठ कसे मोजणार? त्यांनी मण्यांची एक पाटी केली आणि जोडीला एक मिनिटाची वाळूची घडी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला की औषध सुरू. मला तर हे उपकरण कुठल्याही मोठ्या यंत्राहून देखणे वाटते.

पुढे त्यांनी ३९ गावांतल्या पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची सारी निगा शिकवली. वजन घेणे, ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणेदेखील. शेजारची ४७ गावे तुलनेला ठेवली. आधी हजार जन्मांमागे ६२ बाळे महिन्याच्या आत जात होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ वर आला. डिसेंबर १९९९ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'ने हे छापले. गावच्या अर्धशिक्षित बायकांच्या हाती सुई देता म्हणून पुष्कळांनी आधी नाके मुरडली होती. मला त्या नाकांचे नवल वाटत नाही. पाटी वाचून विश्वास ठेवायची सवय डॉक्टरांनाही असतेच. पण इथे आकडे मोजलेले होते, आणि तुलनेची गावेही शेजारीच होती.

२०११ पासून हे काम देशभर आशा कार्यकर्त्यांकडे आले. इंजेक्शनचा भाग त्यात सर्वत्र नाही, बाकी पुष्कळसे तेच. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. आपल्या घरी सून किंवा लेक बाळंतीण असेल आणि ही ताई दारात उभी राहिली, तर "आमचा मोठा डॉक्टर आहे" म्हणून तिला उंबऱ्यावरून परत लावू नका. बाळ तिच्या हाती द्या. ती वजन करील, ताप पाहील, बाळाचे श्वास मोजील. चहा मात्र तिचे मोजून झाल्यावर विचारा. मध्येच विचारला की आकडा चुकतो, आणि तिला पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागते.