फुकटचं ते पौष्टिक!

वसईत आमच्या सोसायटीच्या गणपती मंडळाचा मी दोन वर्षं खजिनदार होतो. (आता नाही. सुटलो!) २५१ रुपये वर्गणी देणारे तळमजल्यावरचे काका विसर्जनानंतर मला जिन्यात गाठून विचारायचे, "मांडववाल्याला किती दिले? पावती दाखव." राग यायचा, पण हक्क होता त्यांचा. पैसे दिले होते ना.

आता ऑफिसात बघा. विरार फास्टमध्ये एका पायावर लटकत आम्ही ज्या प्रॉडक्टसाठी अंधेरी गाठतो, ते शेकडो फुकट लायब्रऱ्यांवर उभं आहे. त्या कोण सांभाळतं हे विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ओपन सोर्स आहे रे, कोणीतरी कोड वाचलाच असेल."

माझं भांडण या 'कोणीतरी'शी आहे.

एक्सझेड युटिल्सचं प्रकरण आठवतं का? जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असलेलं हे कॉम्प्रेशनचं काम लासे कॉलिन नावाचा माणूस वर्षानुवर्षं बिनपगारी करत होता. २०२२ मध्ये त्याच्यामागे अनोळखी नावांनी भुणभुण लागली : पॅच लवकर का घेत नाहीस, दुसऱ्याच्या हातात दे. तो बिचारा लिहितो की मानसिक तब्येत बरी नाही आणि हा माझा छंद आहे, नोकरी नव्हे. मदतीला हजर कोण? 'जिया तान'. चेहरा नाही, पत्ता नाही, पण काम चोख. काम करून त्याने विश्वास कमावला आणि २०२४ मध्ये ५.६.० आवृत्तीत मागचं दार बसवलं. मेख दडवली होती चाचणीच्या बायनरी फाइलींत, आणि ती चालू करणारा तुकडा फक्त टारबॉलमध्ये. म्हणजे रिपॉझिटरीतला कोड रोज वाचला असता तरी तो दिसला नसता! आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद हळू का होतंय असा प्रश्न पडला, म्हणून २९ मार्च २०२४ ला ते उघडकीस आलं. अर्धा सेकंद!

पैसे दिले असते तर हे टळलंच असतं असं मी म्हणत नाही. पण थकलेल्या माणसाच्या दारात मदतीला फक्त चोरच आला, याची लाज कोणाला वाटायची? २०१४ च्या हार्टब्लीडआधी ओपनएसएसएलला वर्षाला देणग्या मिळायच्या साधारण २००० डॉलर. निम्मं इंटरनेट त्यावर चालत होतं.

मी ऑफिसात १०,००० रुपये मागून पाहिले. अकाउंट्सवाले म्हणाले, "जीएसटी इनव्हॉइस आण." छंद करणाऱ्या माणसाकडून? त्याच आठवड्यात एका बंद सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं लाखांचं बिल विनातक्रार पास झालं.

"पैसे देणारा मग हुकूम सोडतो," असं एक मित्र म्हणतो. खरंय. प्रायोजकाचा बॅनर मूर्तीपेक्षा मोठा झालेला मीही पाहिलाय. उपाय तोच, हिशोब फळ्यावर लावा. झीरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड काढला : वर्षाला १० लाख डॉलर, एका प्रोजेक्टला १०,००० ते १ लाख. प्रोजेक्टने आपली गरज एका छोट्या फाइलीत सगळ्यांना दिसेल अशी मांडायची. बंगळूरची ब्रोकिंग कंपनी हे करते, आणि आम्ही इनव्हॉइस मागतो.

सोमवारी पुन्हा विचारणार आहे. या वेळी अकाउंट्सवाल्यांना आधी चहा पाजून.